दमिएटा: दोनदा युरोपची फौज उतरली, मग जुनं गाव गेलं कुठे?

बोटवाला

मंडळी, गॅसवाहू जहाजावर नोकरी असल्यामुळे इजिप्तचं दमिएटा बंदर मला नवीन नाही. (तिथले लोक दुमयात म्हणतात.) पण मी पाहिलेलं दमिएटा म्हणजे जेट्टी, पाइपांचं जंगल, कुंपण आणि गेटवरचा पेंगुळलेला शिपाई. बंदर अलीकडचं, १९८६ सालचं. खरं गाव नाईलच्या पूर्वेकडच्या फाट्यावर, समुद्रापासून पंधराएक किलोमीटर आत. तिथे जायचा पास 'पुढच्या खेपेला नक्की' असं सांगून एजंटानं दर वेळी वाटेला लावलं.

आता सुट्टीत बायकोला घेऊन स्वखर्चानं इजिप्तला जातोय आणि कैरोहून दमिएटाला मुक्कामाला जायचा हट्ट धरलाय. बायको विचारते, तिथे काय ठेवलंय? उत्तर शोधायला वाचायला बसलो आणि अडकलोच. जेरुसलेम घ्यायला निघालेली युरोपची फौज १२१८ मध्ये जेरुसलेम सोडून इथे उतरली. १२४९ मध्ये फ्रान्सचा राजा नववा लुई पुन्हा इथेच. एवढं रामायण झालेल्या गावात त्या काळचं जवळपास काहीच उभं नाही म्हणे.

तर प्रश्न दोन. एक, हे जुनं गाव गेलं कुठे? दोन, तिथे जाऊन बघायचं काय? दुसऱ्याचं उत्तर बायकोला दाखवता येईल असं द्या.

पेठेतला पोपट

वहिनींचं ऐका, पिरॅमिड बघा. धागा संपला. :)

वाचनवेडा

झकास विषय. आधी जेरुसलेम सोडून इथे का, ते सांगतो.

जेरुसलेम जिंकणं एक आणि टिकवणं दुसरं, हे एव्हाना युरोपला कळून चुकलं होतं. पैसा आणि धान्य इजिप्तचं. इजिप्त ज्याच्या हातात, त्याच्या हातात पॅलेस्टाइनची दोरी. आणि नाईलवरून वर कैरोकडे सरकायचं तर पूर्वेकडच्या फाट्याचं दार म्हणजे दमिएटा. मलबारची मिरी तांबड्या समुद्रातून इजिप्तमध्ये यायची आणि अलेक्झांड्रिया-दमिएटाच्या धक्क्यांवरून इटलीच्या व्यापाऱ्यांकडे जायची, त्यामुळे जकातही दणकून.

या दाराला खरोखरची कडी होती. नदीच्या पात्रात एक बुरूज आणि तिथून गावाच्या तटापर्यंत लोखंडी साखळ्या. साखळ्या ताणल्या की एकही गलबत वर जाऊ शकत नसे. १२१८ च्या उन्हाळ्यात हा बुरूज काही केल्या पडेना. मग ऑलिव्हर नावाच्या जर्मन धर्मगुरूनं दोन जहाजं एकमेकांना बांधून त्यांच्यावर लाकडी मनोरा उभा केला, वर शिडीसारखा झुलता पूल लावला आणि हा तरंगता किल्ला बुरुजाला नेऊन भिडवला. ऑगस्टअखेर बुरूज पडला. म्हातारा सुलतान अल-आदिल त्यानंतर काही दिवसांतच गेला. बातमीच्या धक्क्यानंच गेला, असं तेव्हाचे लोक म्हणत.

गाव मात्र त्यानंतरही वर्षभर झुंजलं. नोव्हेंबर १२१९ मध्ये क्रुसेडवाले (जेरुसलेमसाठी धर्मयुद्धाला निघालेले हे युरोपी) आत शिरले ते लढून कमी आणि आतले लोक उपासमारीनं, रोगराईनं संपले म्हणून जास्त. घराघरांत प्रेतं होती.

आणि यावर कडी म्हणजे, नवा सुलतान अल-कामिल 'इजिप्त सोडा, जेरुसलेम घ्या' म्हणत होता! ज्यासाठी घरदार सोडून आले तेच ताटात वाढून मिळत होतं. पोपचा प्रतिनिधी पेलाजियस 'नाही' म्हणाला. इतका मठ्ठ माणूस इतिहासात विरळा.

तिखटमीठ

वाचतेय. बुरुजाची गोष्ट भारी.

कोर्टकचेरी

वाचनवेडा, पेलाजियसला मठ्ठ म्हणणं सोपं आहे, पण देऊ केलेला करार नीट वाचा. जेरुसलेम देणार, पण केरक आणि शौबक हे जॉर्डनपलीकडचे किल्ले सोडून. म्हणजे इजिप्त-सिरिया रस्ता सुलतानाच्या घराण्याकडेच. शिवाय अल-कामिलच्या भावानं १२१९ मध्येच जेरुसलेमचे तट पाडून टाकले होते. बिनतटाचं शहर घ्यायचं, फौज घरी गेली की दोन वर्षांत ते परत जाणार. पक्षकारानं असा मसुदा आणला असता तर मीही 'सही करू नका' म्हटलं असतं.

वाचनवेडा

वकीलसाहेब, सही न करून काय मिळालं? जेरुसलेमचा नामधारी राजा जाँ द ब्रिएन बाजूलाच उभा होता, त्याचं म्हणणं होतं घ्या. दीड वर्ष दमिएटात बसून आपसात भांडले आणि जुलै १२२१ मध्ये कैरोकडे निघाले. नाईलला पूर यायच्या तोंडावर! पाणी चढलं, इजिप्तच्या लोकांनी बांध फोडून शेतं बुडवली, पुढे मन्सुराला सुलतानाची छावणी, मागे चिखल. शरण आले आणि दमिएटा फुकट परत द्यावं लागलं. नाईलचा पूर हा काही गुप्त खलिता नव्हता, दरवर्षी त्याच सुमाराला यायचा.

कोर्टकचेरी

निघायची वेळ चुकली हे मान्य. करार नाकारणं चूक हे अमान्य. दोन वेगळे मुद्दे आहेत.

पेठेतला पोपट

तारीख पे तारीख.

मृद्गंध

पुरुष मंडळी तट आणि करारातच अडकलीत. १२४९-५० ची गोष्ट मला जास्त आवडते, कारण ती दोन बायकांनी पेलली आहे आणि त्या दोन बाजूंच्या आहेत.

जून १२४९ मध्ये लुई उतरला तेव्हा दमिएटाची शिबंदी चक्क पळून गेली. आधीच्या वेढ्याची धास्ती असणार. होड्यांचा पूलसुद्धा तोडला नाही! सुलतान अल-सालिह मरणपंथाला लागला होता, तरी त्यानं पळपुट्यांच्या म्होरक्यांना फासावर दिलं. नोव्हेंबरमध्ये तो मन्सुराच्या छावणीत वारला. शत्रू दारात, वारस तुर्कस्तानच्या सीमेकडे लांब. त्याची बेगम शजर अल-दुर्र हिनं दोन विश्वासू माणसांना हाताशी धरून मरण लपवलं. तंबूत नेमानं खाना जात राहिला, सुलतानाच्या सहीचे हुकूम बाहेर येत राहिले. वारस पोचेपर्यंत फौज उभी राहिली.

दुसरी बाई लुईची राणी मार्गरेट. ती दमिएटात, दिवस भरलेली. एप्रिल १२५० मध्ये नवरा फारिसकूरला पकडला गेल्याची बातमी आली आणि लगेच बाळंतपण. तिच्या खाटेशी ऐंशीच्या घरातला एक सरदार राखण करत बसायचा. तिनं त्याच्याकडून वचन मागितलं: शत्रू आत आले तर माझं डोकं आधी उडव. तो म्हणाला, बाईसाहेब, माझ्या मनात ते आधीच आलं होतं. हे लुईबरोबर मोहिमेवर असलेल्या जाँव्हिलनं नोंदवून ठेवलंय.

बाळंतपणाच्याच दिवशी तिला कळलं की इटलीतल्या पिसा आणि जिनोआचे व्यापारी गाव सोडून चाललेत. ते गेले असते तर गाव आपोआप पडलं असतं आणि राजाच्या बदल्यात द्यायला हातात काही उरलं नसतं. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना खाटेभोवती बोलावलं. ते म्हणाले, उपाशी मरू. तिनं गावातलं सगळं धान्यधुन्य विकत घेऊन त्यांना पोसायची हमी दिली. राहिले. दमिएटा परत देऊन राजा सुटला, कारण दमिएटा तिनं धरून ठेवलं होतं. राजाला पुढे संत केलं. राणीला कोण ओळखतं?

तिखटमीठ

+१. शजर अल-दुर्रवरून ताराबाई आठवल्या. नवरा गेल्यावर मुलाच्या नावानं औरंगजेबाशी सात वर्षं झुंज.

मृद्गंध

तिखटमीठ, साम्य आहे, पण शजर आणखी पुढे गेली. वारस तुरानशहाला मामलुकांनीच (सुलतानाच्या पदरच्या गुलाम सैनिकांनी) मारलं आणि हिला गादीवर बसवलं. ती हुकमांवर 'खलीलची आई' म्हणून सही करायची, आणि खलील तर कधीच वारलेला होता! ताराबाईंचा मुलगा निदान जिवंत होता. गादी टिकली ऐंशी दिवस. बगदादच्या खलिफाला बाई सुलतान रुचली नाही. मग ऐबक नावाच्या सरदाराशी लग्न लावून कारभार चालू ठेवला.

सागरगोटा

खंडणीचं काय झालं? शाळेत असताना कुठेतरी वाचलेलं, राजाला सोन्यानं तोललं वगैरे.

वाचनवेडा

सोन्यानं तोललं नाही. राजाच्या सुटकेसाठी दमिएटा आणि फौजेच्या सुटकेसाठी चार लाख लिव्हर (तेव्हाचं फ्रेंच चलन). त्यातले निम्मे हलायच्या आधी द्यायचे. मोजताना तीस हजार कमी पडले. टेंपलर या लढवय्या धर्मपंथाच्या सरदारांकडे लोकांच्या ठेवी होत्या. ते म्हणाले, ठेवीदारांना शब्द दिलाय, परस्पर देता येत नाही. वरच्या जाँव्हिललाच राजानं त्यांच्या जहाजावर पाठवलं. त्यानं पेटीजवळची कुऱ्हाड उचलली आणि म्हणाला, हीच राजाची किल्ली समजा. मग किल्ल्या निघाल्या.

पेठेतला पोपट

आमच्या पतसंस्थेत हा मार्ग चालेल का? ठेवीदारातर्फे विचारतोय.

कोर्टकचेरी

पोपटराव, जबरी चोरीचं कलम तीनशे ब्याण्णव. म्हणजे जुनं. आता नवा कायदा. तेव्हा नको.

खारेवारे

गमतीजमती चालू द्या, पण बोटवाल्यांचा पहिला प्रश्न तसाच लोंबकळतोय. जुनं गाव गेलं कुठे?

ते शत्रूनं पाडलं नाही. इजिप्तच्याच राज्यकर्त्यांनी पाडलं. लुई मे १२५० मध्ये गाव देऊन गेला आणि काही महिन्यांतच मामलुकांनी दमिएटाचे तट, घरं, सगळं जमीनदोस्त करायला माणसं लावली. शिल्लक ठेवली ती अम्र इब्न अल-आस यांच्या नावाची मोठी मशीद. उरलेल्या लोकांनी नदीच्या कडेनं थोडं बाजूला झोपड्या बांधल्या, त्याच वस्तीचं आजचं गाव झालं. पुढे मामलुक सुलतान बैबर्सनं नदीच्या मुखात दगड टाकून ते असं अरुंद केलं की मोठं जहाज आत येऊच नये.

यात वेडेपणा नव्हता. ८५३ मध्ये बायझंटाइन आरमार येऊन गाव लुटून, जाळून, माणसं पकडून गेलं होतं. ११६९ मध्ये वेढा पडला, तो फसला. मग १२१८, मग १२४९. बळकट तटाचं बंदर शत्रूच्या हातात पडलं की तोच तट त्याच्या कामाला येतो. समुद्रावर यांचं आरमार कमजोर, घोडदळ मात्र एक नंबर. मग शत्रूला उतरायला बंदरच नको, आला तर वाळूत उतरू दे, आपण घोड्यावरून बघून घेऊ. पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरची बंदरंही मामलुकांनी पुढे याच हिशेबानं मोडली.

सागरगोटा

खारेवारे, हिशेब कैरोच्या गादीवर बसून बरोबर दिसतो. दमिएटात ज्याचा माग होता, ज्याचं दुकान होतं, त्याला विचारा. या भागातलं तलम लिनन, जरीकाठी कापड खलिफांच्या दरबारात जायचं. जवळच सरोवरात तिन्निस नावाचं विणकरांचं अख्खं बेट होतं, तेही अल-कामिलनं १२२७ मध्ये पाडायला लावलं. हे सगळं शत्रू घेईल म्हणून मोडायचं? संरक्षणाच्या नावाखाली किनाऱ्यावरच्या माणसाला उठवायचं हे जुनंच आहे. आमच्या गावात प्रकल्प आला तेव्हा अशीच भाषा ऐकली.

खारेवारे

मी त्याला योग्य म्हटलं नाही, कारण सांगितलं. आणि गंमत बघा, गाव मेलं नाही. तुर्कांच्या काळात दमिएटा पुन्हा भरभराटीला आलं. तांदूळ इथून सिरियाच्या बंदरांना जायचा, तिकडून साबण, तंबाखू यायचं. सिरियाकडच्या ख्रिस्ती व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. पुन्हा खाली आलं ते शत्रूमुळे नाही. १८२० मध्ये महमुदिया कालवा निघाला आणि नाईलचा माल अलेक्झांड्रियाला वळला. मग सुवेझ कालव्याबरोबर शेजारीच पोर्ट सैद उभं राहिलं.

सुतारपक्षी

आणि तरीही गाव श्रीमंत आहे, ते लाकडामुळे. माझा फर्निचरचा धंदा, म्हणून मला हे गाव क्रुसेडमुळे नाही, खुर्चीमुळे माहीत.

इजिप्तमध्ये लग्न ठरलं की फर्निचर घ्यायला दमिएटाला जायची रीत आहे. झोपायची खोली, जेवणाचं टेबल आणि पाहुण्यांच्या खोलीचा सोनेरी सेट. गल्लीबोळात वर्कशॉप. एक जण सांगाडा करतो, दुसरा फक्त कोरीवकाम, तिसरा पॉलिश, चौथा गादी. एकच खुर्ची हातगाडीवरून चार दुकानं हिंडते. कोरीवकामाला ते ओयमा म्हणतात. चांगला ओयमावाला पेन्सिलीनं अर्धंच पान काढतो, बाकी अर्धं पटाशीच काढते. त्याच्या कामाची चित्रफीत बघत मी जेवायला उशीर केलाय.

देशात लाकूड नाही, हे विशेष. बीच, पाइन सगळं बाहेरून. त्यामुळे २०१६ च्या नोव्हेंबरात इजिप्शियन पाउंड कोसळला तेव्हा यांच्या पोटावर पाय आला. सरकारनं २०१९ मध्ये गावाबाहेर मोठं 'फर्निचर शहर' उघडलं, पण छोट्या कारागिराची कुरकुर अशी की जागा महाग, आणि पॉलिशवाला शेजारच्या दारात नसला तर काम होत नाही. मला ते पटतं. औद्योगिक वसाहतीत शेड मिळते, गल्ली मिळत नाही.

आणि सोनेरी वळणदार पायांच्या त्या सेटला काय म्हणतात माहीत आहे? लुई कॅन्झ. पंधरावा लुई.

पेठेतला पोपट

म्हणजे नवव्या लुईला पकडून सोडला आणि पंधराव्याला सोफा करून बसवला! दमिएटावाल्यांना मानलं. खंडणी अजून वसूल होतेय.

मृद्गंध

पोपट, आज पहिल्यांदा हसले तुमच्या प्रतिसादावर.

लिंबूसरबत

धागा उशिरा दिसला. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही न्यू दमिएटात राहत होतो. समुद्रालगत वसवलेलं नवं शहर आहे, जुन्या गावापासून गाडीनं जवळ. इतिहास तुम्ही लोकांनी सांगितलात, मी पोटाचं सांगते.

मिश्बक्क. आपल्या जिलबीची थोरली जाऊ. पण तिथे एकेक जिलबी सुटी पाडत नाहीत. भली थोरली कढई, तेलात कडं, आणि पीठ भोकांच्या भांड्यातून असं फिरवत सोडतात की धारेवर धार पडून ताटाएवढी जाळी होते. मग उलटायची, मग पाकात. आमच्या कोपऱ्यावरचा पोरगा हात थांबवायचाच नाही, गिऱ्हाइकाशी भांडत भांडत जाळी पूर्ण करायचा. खाताना कुरकुर आवाज आला पाहिजे, नाहीतर परत करा असं आमच्या शेजारीणबाई उम्म हसन सांगायच्या. दमिएटाहून कैरोला जाणारा माणूस मिश्बक्कचा खोका घेतल्याशिवाय गेला तर नातेवाईक तोंड फिरवतात.

दुसरं चीज. दमिएटाचं पांढरं चीज अख्खा इजिप्त न्याहारीला खातो. त्याची खुबी अशी की मीठ नंतर चोळत नाहीत, विरजण लावायच्या आधी दुधातच घालतात, तेही भरपूर. उन्हाळ्यात दूध टिकावं म्हणून निघालेली युक्ती असणार. दूध बऱ्याचदा म्हशीचं, त्यामुळे आपल्याला चव परकी वाटत नाही. ताजं खाल्लं तर मऊ, आणि खारवलेल्या निवळीत महिनोन्महिने मुरवलं तर झणझणीत. दुकानात पत्र्याच्या डब्यांची रांग असते. दुकानदार सुरीच्या टोकावर प्रत्येकाचा तुकडा देतो, तुम्ही मान हलवेपर्यंत.

तिसरं बदक, पोटात मसालेदार कांदा ठासून भरलेलं. शाकाहारी असाल तर मिश्बक्कवरच भागवा.

तिखटमीठ

लिंबूसरबत, पाककृती धागा कधी?

लिंबूसरबत

मिश्बक्क घरी केली होती. तिच्यावर धागा नाही, शोकसभा निघेल.

सागरगोटा

मासळी? नाईलचं मुख, सरोवर, समुद्र, तिन्ही एका जागी. तुम्ही बदकावर काय आलात?

खारेवारे

सागरगोटा, मासळीची गोष्ट दुखरी आहे.

पूर्वी ऑगस्ट-सप्टेंबरात नाईलचा पूर दमिएटा आणि रशीद या दोन मुखांतून समुद्रात घुसायचा. गाळाबरोबर खाद्य यायचं, पाणी हिरवट व्हायचं आणि त्यावर सार्डिनचे, म्हणजे आपल्या तारलीच्या जातभाईंचे थवे यायचे. १९६२ मध्ये सुमारे १८,००० टन सार्डिन मिळाली. १९६४ पासून आस्वानच्या उंच धरणानं पूर अडवला. साठचं दशक संपता संपता हा आकडा पाचशे टनांच्याही खाली गेला. समुद्र तोच, होड्या त्याच.

नंतर ऐंशीच्या दशकापासून मासळी परतू लागली, आणि ती कशानं? खतं आणि गटारं. शेतातून वाहून आलेलं नत्र आणि शहरांचं सांडपाणी यांनी पुराच्या गाळाची जागा घेतली, असं शास्त्रज्ञ मांडतात. खाणाऱ्यानं ठरवावं आनंद मानायचा की नाही.

नदीमुखाजवळचं इझबत अल-बुर्ज हे कोळ्यांचं गाव. इजिप्तमधला सगळ्यात मोठा मासेमारी ताफा तिथला, लाकडी ट्रॉलर किनाऱ्यावरच बांधतात. जवळ मासळी कमी म्हणून पोरं लिबिया, ट्युनिशियापर्यंत जातात आणि मग पकडली जातात. गाळ थांबल्यानं किनाराही झिजतोय, म्हणून नदीमुखावरच्या रास अल-बरला दगडी बांध घातलेत.

सागरगोटा

म्हणजे आठशे वर्षांपूर्वी नदीचं तोंड कैरोनं दगडानं बुजवलं आणि साठ वर्षांपूर्वी पाणीच कैरोनं अडवलं. माझा वरचा मुद्दा मी मागे घेत नाही.

कोर्टकचेरी

धरणामुळे वीज आली, पुरापासून गावं वाचली, बारमाही शेती झाली. दमिएटाचा तांदूळवालासुद्धा त्याच पाण्यावर जगतो. एकाच बाजूचा जबाब नोंदवू नका.

सागरगोटा

वकीलसाहेब, दुसरी बाजू सगळ्यांच्याच पुस्तकात असते. कोळ्याची कुणाच्या असते?

संपादक

धरणावर वेगळा धागा काढावा. इथे दमिएटा.

बोटवाला

बाप रे, एवढं होईल वाटलं नव्हतं. बायकोला अख्खा धागा वाचून दाखवला. मार्गरेट राणीपाशी ती म्हणाली, 'जाऊया.' सोनेरी सोफ्यापाशी पुन्हा म्हणाली, 'जाऊया', आणि आता मला काळजी आहे. लिंबूसरबतताई, आता रीतसर सांगा, बघायचं काय आणि कुठल्या क्रमानं?

लिंबूसरबत

कैरोहून सकाळी निघा, तीन-साडेतीन तास धरा. वाटेत मन्सुरा लागतं. तिथे लुईला जिथे कोंडलं होतं ते इब्न लुक्मानचं घर छोटंसं संग्रहालय म्हणून ठेवलंय. दार एवढं बुटकं की राजाही वाकूनच गेला असणार. अर्ध्या तासात होतं, पण आधी उघडं आहे का ते विचारून घ्या.

दमिएटात खारेवारे म्हणाले ती अम्रची मशीद, गावाच्या कडेला कबरस्तानापाशी. नीट डागडुजी केली आहे. क्रुसेडवाल्यांनी दोनदा तिचं चर्च केलं, दोनदा पुन्हा मशीद झाली, आणि मार्गरेटच्या बाळाचा बाप्तिस्मा तिथलाच. तेरावं शतक बघायचं तर तेवढंच. खांब वेगवेगळ्या उंचीचे आणि जातीचे आहेत, इकडून तिकडून जमवलेले, ते जरूर बघा. मग जुन्या बाजारात मामलुक काळातली मुईनी मशीद. दुपार फर्निचरच्या गल्ल्यांत, शुक्रवार टाळून, त्या दिवशी सगळं बंद. ताईंना सोफ्यापासून लांब ठेवा.

संध्याकाळ रास अल-बर. नाईल जिथे समुद्राला मिळते तिथे जिभेसारखा निमुळता धक्का आहे, अल-लिसान. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला समुद्र, आणि मधे अख्खं गाव भाजलेली कणसं खात फिरत असतं. आधी इथे उन्हाळ्यापुरत्या चटयांच्या आणि बोरूच्या झोपड्या उभ्या करत, कैरोचे मोठमोठे लोक त्यात राहायला यायचे, आणि मोसम संपला की मोडून ठेवत. आता सिमेंट. पण कोपऱ्यावर चहा मिळतो तिथे बसा.

मृद्गंध

बोटवाला, वहिनींना आणखी एक नाव सांगा. आयशा अब्द अल-रहमान, जन्म १९१३, दमिएटा. वडील धर्मशिक्षक, मुलीनं शाळेत जायला सक्त विरोध. ती आई आणि आजोबांच्या मदतीनं शिकली. वडिलांना कळू नये म्हणून 'बिन्त अल-शाती', नदीकाठची मुलगी, या नावानं लिहू लागली. तरुणपणीच अल-अहराम या वृत्तपत्रात सदर. पुढे अरबीची प्राध्यापक आणि कुराणावर भाष्य लिहिणारी मोठी विदुषी. दमिएटाच्या इतिहासात नुसत्या तलवारी नाहीत.

वाचनवेडा

त्याच गावचा भौतिकशास्त्रज्ञ अली मुशर्रफा, जन्म १८९८. कैरो विद्यापीठाच्या विज्ञान शाखेचा पहिला इजिप्शियन अधिष्ठाता. सापेक्षतावादावर काम केलं, पन्नाशी उलटली नि गेला.

पेठेतला पोपट

सगळं ठीक. पण चीज विमानात नेता येतं का, ते कुणीच सांगितलं नाही.

लिंबूसरबत

निवळीसकट नेऊ नका. आमचा डबा मुंबईला सामानात फुटला होता. मुरवलेलं चीज, जून महिना आणि नवऱ्याचा ऑफिसचा कोट एकाच बॅगेत. कोट अजून बाल्कनीत आहे.

बोटवाला

डबा घेणार, कोट नेणार नाही. तिकिटं काढली. आल्यावर फोटो टाकतो. आणि कोर्टकचेरी, अम्रच्या मशिदीत उभं राहून पेलाजियसच्या बाजूनं तुमचा युक्तिवाद बायकोला ऐकवणार आहे, बघू काय निकाल देते.

कोर्टकचेरी

निकाल विरुद्ध गेला तर अपिलात येऊ.